मदत हवी आहे: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायचा आहे, दारव्हा (यवतमाळ)

मंडळी, कन्व्हर्टर (सायलेन्सर लाइनमधला धूर साफ करणारा डबा) गेलाय. गाडी २०१४ ची पेट्रोल, बीएस-४ (प्रदूषण मानक), १ लाख ३० हजार किमी. चढावर दम तोडते, ३००० आरपीएमच्या वर ओढतच नाही. स्कॅनरवर कोड पी०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नाही) आणि पी०३०३ (तिसऱ्या सिलिंडरात मिसफायर, म्हणजे पेट्रोल नीट जळत नाही).

तपासलं ते असं: मागच्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज ०.६-०.७ वर स्थिर राहायला पाहिजे, ते पुढच्यासारखंच ०.१ ते ०.९ नाचतंय. सायलेन्सर लाइनला लीक नाही. पुढचा सेन्सर काढून तिथं प्रेशर गेज लावला तर २५०० आरपीएमला ५ पीएसआय दाब. ३ च्या आत हवं. कन्व्हर्टरला रबरी हातोडीनं ठोकलं की आत खडखडतं. म्हणजे तिसऱ्या सिलिंडरच्या मिसफायरनं न जळलेलं पेट्रोल आत जाऊन जळलं आणि सिरॅमिकची जाळी वितळली. कॉइल, प्लग आधीच बदललेत, नाहीतर नवा कन्व्हर्टरही जाईल.

आता प्रश्न. कन्व्हर्टर मॅनिफोल्डलाच (इंजिनमधून धूर बाहेर आणणारा पाईपांचा जोड) जोडलेला आहे. अख्खा जोड घ्यावा, की जुना कापून युनिव्हर्सल (कुठल्याही गाडीला बसवता येणारा) वेल्ड करावा? युनिव्हर्सल कोणी वापरला असेल तर पी०४२० परत किती किमीनं आला? नागपूर-अमरावतीत अंदाजे भाव काय?

मॅनिफोल्डचे नट गंजलेत. रात्रभर गंजतेल मारून ठेवणार, पण स्टड (नट बसतो तो आटेदार खिळा) तुटला तर हेड (इंजिनचा वरचा भाग) न उतरवता काढता येतो का?

"जाळी फोडून रिकामा पाईप ठेव भाऊ" हा सल्ला नको. ते बेकायदा आहे, वर पीयूसी अडते.

(तोवर कोणीही असली गाडी धुऱ्यावरच्या वाळल्या गवतात किंवा पऱ्हाटीत उभी करू नका. कन्व्हर्टर फार तापतो, खालून आग लागते.)