इंग्लंडातल्या स्नेहभोजनात कासवमित्रांचा सत्कार करायचाय, कसा करावा?

माहेर_दापोली

नमस्कार मंडळी. आमचं महाराष्ट्र मंडळ लंडनपासून तासाभरावर आहे. दर वर्षी मदतनिधीसाठी आम्ही एक स्नेहभोजन ठेवतो. साधारण १८० पानं उठतात, जेवणानंतर लिलाव असतो. आजवरचा निधी शाळांना आणि दवाखान्यांना गेला. यंदा समितीत मी हट्ट धरला, की पैसा कोकणातल्या कासवांच्या कामाला द्यायचा आणि त्या कामातल्या तिघांना इथे बोलावून सत्कार करायचा. हट्ट मान्य झाला आणि सगळं माझ्याच गळ्यात आलं.

हट्टाचं कारण सांगते. आजोळी पहाटे माणसं काठी घेऊन किनाऱ्यावर जायची. कासवाची खूण दिसली की वाळूत काठी खुपसत जायची, काठी जिथे सहज आत गेली तिथे घरटं. शंभर-सव्वाशे अंडी टोपलीत भरून विकायला नेत. कुणाला वावगं वाटत नसे, मलाही नाही. गेल्या मार्चात लेकीला घेऊन वेळासला गेले. तिथल्या मुलाने कुंपणातली एक टोपली उचलली. खाली नुसती वाळू. मग मधोमध ती जराशी खचली, एक काळं डोकं वर आलं, मग एक वल्ह्यासारखा पाय. पिल्लू माझ्या दोन बोटांएवढं. घरटं कसं शोधता विचारलं, तर म्हणाला, काठीने! युक्ती तीच, आजोळचीच. अंडी तेवढी आता बाजारात न जाता कुंपणात जातात. हे ज्यांनी गावागावांत घडवून आणलं त्यांना माझ्या माणसांनी उभं राहून टाळ्या द्याव्यात, एवढंच मनात आहे.

आता अडचणी. हॉल फेब्रुवारीत स्वस्त मिळतोय. समितीतल्या काहींना चांदीची स्मृतिचिन्हं हवीत, प्रत्येकी दीडशे पौंडांची. काहींचं म्हणणं, एखादा नट पाहुणा म्हणून आणला तर तिकिटं खपतील. बोलवायचं कुणाला, संस्थेच्या प्रमुखांना की किनाऱ्यावर राबणाऱ्याला? आणि पैसा नीट पोचवायचा कसा? अनुभवाचं बोला, प्लीज.

हिशेबनीस

पैशाचं मी सांगतो, कारण चुकलात तर त्रास घेणाऱ्याला होतो.

तुमचं मंडळ ब्रिटनमध्ये नोंदलेलं, म्हणजे भारताच्या कायद्याने परदेशी देणगीदार. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, त्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच तुम्ही देऊ शकता आणि रक्कम तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच उतरली पाहिजे. २०२०च्या दुरुस्तीनंतर ती संस्था हे पैसे पुढे दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही. तेव्हा 'मोठ्या संस्थेला देऊ, ती गावातल्या छोट्या मंडळाला देईल' हा मार्ग बंद समजा. प्रशासकीय खर्चालाही २० टक्क्यांची मर्यादा आहे. सत्कारमूर्तीच्या हातात पाकीट देण्याचा विचार असेल तर आधी भारतातल्या सीएला विचारा, परस्पर काही करू नका. तुमच्यातला कुणी अजून भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. नागरिकत्व बदललेल्यांचं तसं नाही, ओसीआय कार्ड असलं तरीही.

तुमच्या बाजूला: मंडळ धर्मादाय म्हणून नोंदलेलं असेल तर गिफ्ट एड मिळते, करदात्याने दिलेल्या प्रत्येक पौंडावर सरकारकडून २५ पेन्स. पण जेवणाच्या तिकिटावर नाही मिळत, कारण त्या पैशाचं तो जेवतो. तिकीट जेवणाच्या खर्चाइतकंच ठेवा आणि देणगीचं पाकीट टेबलावर वेगळं ठेवा.

वाळूवरची

ताई, माझे बाबा कासवमित्र आहेत, म्हणजे किनाऱ्यावर कासवांची घरटी राखणारे. रत्नागिरी जिल्ह्यातलाच एक किनारा, नाव सांगत नाही. तुमचं वाचून बरं वाटलं म्हणून लांबलचक लिहितेय.

आधी फेब्रुवारी काढून टाका. आमच्याकडे ऑलिव्ह रिडले जातीची कासवं नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालायला येतात, जानेवारी-फेब्रुवारीत सगळ्यात जास्त. त्या दिवसांत बाबा पहाटे साडेतीनला उठून किनारा चालतात, भरती-ओहोटी बघून. उशीर झाला की कोल्हा नाहीतर कुत्रं आधी पोचतं. अंडी काढली की ती जशी होती तशीच, न फिरवता, हॅचरीत, म्हणजे त्या कुंपणात, तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची, वर तारखेची पाटी. पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघतात, त्या सुमारास सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघायचं. पिल्लू उन्हात अडकलं तर मरतं. अशा वेळी माणसाला आठवडाभर इंग्लंडला नेलंत तर तो सत्काराच्या खुर्चीत बसून घड्याळच बघेल.

आमच्या घरी कपाटावर अकरा स्मृतिचिन्हं आहेत. शाली आईने पाहुण्यांच्या अंथरुणात घातल्या. चार वर्षांपूर्वी एका शहरात मोठा कार्यक्रम होता, तिथे बाबांना बोलावलं. एसटीने गेले, रात्रभर प्रवास. स्टेजवर नाव चुकीचं वाचलं. त्यांना दोन मिनिटं बोला म्हणाले होते, पण पाहुण्यांचं भाषण लांबलं आणि ती दोन मिनिटं गेली. बाबांनी खिशात कागद नेला होता, त्या वर्षीची सगळी घरटी तारखेवार लिहून. तो तसाच घडी घालून परत आणला. मला वाईट वाटतं ते त्या कागदाचं. भाड्याचे पैसे देतो म्हणाले होते, तेही राहिले. त्याच वर्षी हॅचरीची जाळी फाटली होती आणि ती बाबांनी स्वतःच्या पैशाने आणली.

म्हणून माझं म्हणणं, नटाला बोलावू नका. माणूस मोबाईलवर नटाचे फोटो काढत बसतो. बोलायला वेळ द्या, मराठीत. १५ मिनिटं द्या. बाबांसारखी माणसं कमी बोलतात, पण कासवाचं विचारलं की थांबत नाहीत. जानेवारी २०२५मध्ये गुहागरला एक मादी आली, तिला २०२१मध्ये ओडिशात टॅग लावलेला होता. पूर्व किनाऱ्याचं कासव पश्चिमेला अंडी घालायला! ही बातमी बाबांनी आम्हाला ताटावर बसून सांगितली, भात गार झाला तरी सांगत होते.

आणि प्रमुख की राबणारा, असा प्रश्न का पडावा? दोघंही बोलवा. २००२मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला काम सुरू केलं नसतं तर आमच्या गावात ही हवाच आली नसती. भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरले, लोकांशी बोलत राहिले. २००६पासून कासव महोत्सव सुरू झाला, घरोघरी पाहुणे उतरायला लागले, तेव्हा अंडी विकण्यापेक्षा राखणं परवडतं हे दिसलं. पण पहाटेचा किनारा गावातला माणूसच चालतो. आईसारख्या बायका पाहुण्यांचं जेवण रांधतात, त्याही या कामातल्याच. तिसरी खुर्ची अशा एखादीला द्या.

टेम्सकाठचा

वाळूवरचीच्या म्हणण्याला माझं पूर्ण अनुमोदन. इथे लंडनमध्येच एक चांगला नमुना आहे, वन्यजीव राखणाऱ्यांना मिळणारा व्हिटली पुरस्कार. रॉयल जिओग्राफिकल सोसायटीत सोहळा होतो, राजकुमारी ॲन यांच्या हस्ते. २०१५मध्ये आपले डॉ. प्रमोद पाटील माळढोक पक्ष्याच्या कामासाठी तिथे होते. मला त्यातलं मोलाचं वाटतं ते हे, की रक्कम ठरवलेल्या कामासाठी असते आणि जुन्या मानकऱ्यांना पुढेही मदत मिळू शकते. आसामच्या पूर्णिमा देवी बर्मन यांना हरगिला या करकोच्यासारख्या मोठ्या पक्ष्यासाठी २०१७मध्ये पुरस्कार मिळाला आणि २०२४मध्ये त्याच संस्थेने त्यांना सुवर्ण पुरस्कार दिला. त्या गावच्या बायकांनी हरगिलाची नक्षी कापडात विणली, डोहाळजेवणासारखे सोहळे केले, हे सगळं मधल्या वर्षांत वाढलं. तुमच्याकडे तेवढा पैसा नसेल, पण तीन वर्षं सलग देऊ असं स्टेजवर जाहीर करता येईल.

माहेर_दापोली

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. वाळूवरची, तुझा प्रतिसाद मी समितीच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवला. कागदाच्या ओळीशी मला थांबावं लागलं.

ठरलं ते असं: कार्यक्रम सप्टेंबरच्या शेवटी. हॉल महाग पडेल, तो फरक आम्ही समितीतले भरू. चांदी रद्द. पाहुणा नट नाही. तिघं येणार: संस्थेतलं एक, किनाऱ्यावरचं एक, घरी पाहुण्यांना जेवू घालणारी एक. व्हिसा, विमान, मुंबईपर्यंतची गाडी, परत जाईपर्यंतच्या दिवसांचा बुडालेला रोज, सगळं आधी. प्रत्येकी १५ मिनिटं, मराठीत, मागे पडद्यावर त्यांचेच फोटो. निधी तीन हंगामांचा, एफसीआरए असलेल्या संस्थेमार्फत, संस्थेच्या हिशेबात दिसेल असा. लिलावात मी आजीची पैठणी ठेवतेय.

एक विचारायचं राहिलं. हातात काहीतरी तर द्यावं ना, सत्कार म्हणून? बाबांना विचारशील का, काय आवडेल?

वाळूवरची

विचारलं. आधी म्हणाले काही नको. मग जेवताना आपणहून बोलले: डोक्याला बांधायची बॅटरी, लाल दिव्याची. पांढऱ्या उजेडाने मादी बिचकून समुद्रात परत जाते. पाच मिळाल्या तर बघा, बाकीचे चौघं पोरगेही चालतात बरोबर.

आणि सप्टेंबरला चालेल म्हणाले, पण गणपती झाल्यावर.