मदत हवी आहे: पावसाळ्यात जीवाश्मावर पॅरालॉइड (हाड घट्ट धरून ठेवणारं अ‍ॅक्रिलिक राळ) पांढरं पडतंय

नमस्कार मंडळी, मी इक्थियोसॉरवर पीएचडी करतेय, म्हणजे डायनासोरच्या काळात समुद्रात राहणारे सरपटणारे प्राणी, डायनासोर नव्हेत (आई तरी सगळ्यांना 'पोरगी डायनासोर करते' असंच सांगते, मीही आता तिची चूक सुधारणं सोडलंय). कच्छमधल्या लोडाईजवळ साधारण साडेपाच मीटरचा सांगाडा सापडलेला आणि 2017 मध्ये त्यावर पेपर आला, भारतातला ज्युरासिक काळातला पहिला इक्थियोसॉर तो. माझ्याकडे तिकडच्याच भागातले थोडे सुटे मणके आहेत.

हे मणके दोन्ही बाजूंनी वाटीसारखे खोलगट असतात आणि मध्ये एकदम पातळ, त्यामुळे एअर स्क्राइबने (हवेच्या दाबावर चालणारी छोटी टोकदार छिन्नी) खडक काढताना बारीक भेगा पडतात, म्हणून आधी पॅरालॉइड बी-72 अ‍ॅसिटोनमध्ये पातळ करून ब्रशने थोडं थोडं पाजायचं आणि मग काम करायचं. उन्हाळ्यात मस्त चाललं. आता मुंबईची हवा एकदम दमट, त्यात अ‍ॅसिटोन झटकन उडतं, त्याने हाड गार पडतं, त्यावर ओल धरते आणि वर पांढरट थर येतो, खालची हाडाची रेघच दिसत नाही, फोटो तर बादच.

अ‍ॅसिटोनने पुसून थर जातो पण परत तेच. कुणी अ‍ॅसिटोनमध्ये इथेनॉल मिसळून पाहिलंय का, प्रमाण किती ठेवलं? सुकायला वेळ लागला तरी चालेल. म्युझियममध्ये किंवा मूर्ती, लाकूडकाम वगैरे कॉन्झर्वेशन करणाऱ्यांनी प्लीज सांगा. डीह्युमिडिफायर घ्या म्हणू नका, फेलोशिप अजून आलेली नाहीये 😅