मदत हवी आहे: गवताचे गोल गठ्ठे हलवायला सुळा ट्रॅक्टरच्या मागे लावावा की पुढच्या लोडरला?

माळरान

मंडळी, जरा तातडीने सल्ला हवाय. आतापर्यंत आम्ही चौकोनी गठ्ठे हातानेच उचलत होतो. यंदा पहिल्यांदाच गोल बेलरने गवत बांधून घेतलं. गठ्ठा चार फूट रुंद आणि पाच फूट व्यासाचा आहे. दोघांनी खांदा लावला तरी जागचा हलत नाही.

ट्रॅक्टर टू-व्हील ड्राइव्ह आहे, वजन साधारण २००० किलो. मागच्या लिफ्टची क्षमता पुस्तिकेत १५०० किलो दिली आहे. पुढे लोडर आहे, पण त्याला साधी बकेट आहे. रोलबार, म्हणजे ट्रॅक्टर उलटला तर चालवणाऱ्याला वाचवणारी लोखंडी कमान, नाही.

धाकट्या भावाचं म्हणणं, गठ्ठा बकेटमध्ये घेऊ, दोराने आवळू आणि आणू. ट्रॅक्टर तोच चालवणार आहे, म्हणून माझा जीव खालीवर होतोय. शेतातून गोठ्याकडे येताना मध्ये एक चांगला चढ लागतो. गठ्ठ्यात घुसणारा लांब सुळा मिळतो असं कळलं. तो मागे थ्री-पॉइंटला (अवजार जोडायच्या तीन दांड्यांना) लावावा की लोडरला? १५०० किलोची लिफ्ट असताना वजनाची काळजी करावी का? आणि चढावर नेमकं काय सांभाळायचं?

टॉपलिंक

आधी भावाला थांबवा. साध्या बकेटमध्ये गोल गठ्ठा अजिबात नको, दोर बांधूनसुद्धा नको. सेल्फ-लेव्हलिंग (बकेट आपोआप सपाट ठेवणारी सोय) नसलेल्या लोडरचे हात वर जातात तशी बकेट आपोआप मागे, म्हणजे चालवणाऱ्याकडे कलत जाते. गठ्ठा गोल. तो बकेटच्या काठावरून सुटला की लोडरच्या हातांवरून थेट सीटवर येतो. अशा अपघातांत माणसं दगावलेली आहेत. रोलबार असता तरी तो बहुतेक ट्रॅक्टरवर सीटच्या मागे असतो, पुढून येणारा गठ्ठा तो अडवत नाही.

दुसरं, टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांना असतात. पुढे वजन उचललं की मागची चाकं हलकी होतात आणि उतारावर ब्रेक दाबला तरी ती घसरतात. लोडरवरच काम करायचं असेल तर सुळा किंवा गठ्ठा पकडणारा पंजा, मागे थ्री-पॉइंटला भरपूर वजन आणि वजनासाठीच चाकांत पाणी, एवढं सगळं लागेल. तुमच्या ट्रॅक्टरला मागचा सुळाच बरा.

वैरण

मागे लावण्याशी सहमत. पण १५०० च्या आकड्यावर विसंबू नका. तो आकडा बहुधा लोअर लिंकच्या (थ्री-पॉइंटच्या खालच्या दोन दांड्यांच्या) टोकाशी मोजलेला असतो. गठ्ठ्याचा मध्य त्याच्याही मागे पाऊण-एक मीटर जातो, तिथे लिफ्टची ताकद कमी भरते. तरी तुमचा गठ्ठा उचलला जाईल. खरा प्रश्न पुढच्या चाकांचा आहे.

हिशेब मांडून दाखवतो. तुमच्या मापाचा वाळलेल्या गवताचा गठ्ठा ३५० ते ४०० किलो धरा. सुळ्याची चौकट धरून ५०० किलो. हे वजन मागच्या आसापासून १.७ मीटरवर लटकतं आणि दोन आसांमध्ये २ मीटर अंतर आहे असं समजू. ५०० गुणिले १.७ भागिले २, म्हणजे पुढच्या आसावरून ४२५ किलो उचललं गेलं. २००० किलोच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या आसावर ८०० किलो असतील तर उरले ३७५. स्टिअरिंग हातात राहायला ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान २० टक्के, म्हणजे ४०० किलो पुढे हवेतच. सपाटावर ही गत, तर चढावर तोंड उचलायला वेळ लागणार नाही.

पुढच्या आसाच्या अर्धा मीटर पुढे १०० किलोची वजनं लावली तर आसावर १२५ किलो वाढतात, म्हणजे ५०० होतात. तुमच्या ट्रॅक्टरची मापं घालून हाच हिशेब करा, आणि लोडर जोडलेलाच ठेवणार असाल तर त्याचं वजनही धरा. गवत ओलसर असेल तर गठ्ठा कितीतरी जड भरतो. व्यासही बघा: तेवढ्याच रुंदीत चारचा पाच फूट झाला की वजन दीडपटीच्या वर जातं.

माळरान

हे सगळं भावाला वाचून दाखवलं. बकेटचा हट्ट सोडला त्याने, फार बरं वाटलं. पुढची वजनं लावून घेतो. आता चढाचं आणि सुळा घुसवायचं सांगा.

टॉपलिंक

जड बाजू कायम चढाकडे, एवढं धरून चाला. सुळा मागे आहे, म्हणून गठ्ठा घेऊन चढायचं तर रिव्हर्समध्ये, उतरायचं तर सरळ पुढे तोंड करून. मान दुखेल, वेळ जाईल, पण ट्रॅक्टर मागे उलटणार नाही. उताराला आडवं जायचं नाही. सपाट वाट लांबून येत असेल तर लांबूनच या. गठ्ठा जमिनीला घासणार नाही इतकाच वर, गिअर लहान, दोन्ही ब्रेक पेडल खटक्याने जोडलेले, चेक चेन (खालच्या दांड्या बाजूला झुलू न देणाऱ्या साखळ्या) ताणलेल्या. चेन सैल असल्या की गठ्ठा डावी-उजवी झुलतो आणि प्रत्येक झोक्याला ट्रॅक्टरला ओढतो.

सुळा गठ्ठ्याच्या सपाट तोंडात, मध्याच्या आसपास, ट्रॅक्टर अगदी सरळ रेषेत मागे घेत पूर्ण आत जाऊ द्या. अर्धवट घुसलेल्या सुळ्यावर उचलू नका. खाली दोन आखूड सुळे असलेली चौकट घ्या, त्यांच्यामुळे गठ्ठा गरकन फिरत नाही. मग टॉप लिंक, म्हणजे थ्री-पॉइंटची वरची दांडी, थोडी आखूड करा, म्हणजे सुळ्याचं टोक किंचित वर राहतं आणि गठ्ठा निसटत नाही.

वैरण

उतरवताना दिशा फार महत्त्वाची. ट्रॅक्टर उताराला आडवा उभा करून गठ्ठा सोडला तर तो चाकासारखा गडगडत खाली जातो. ट्रॅक्टर उताराच्या रेषेत असेल तर गठ्ठ्याचं सपाट तोंड उताराकडे येतं आणि तो बसल्या जागी राहतो. शक्यतो सपाटावरच उतरवा, खालच्या बाजूला कोणी नको.

मडगार्डवर कोणालाही बसवू नका, पोरं तर लांबच. उचललेल्या गठ्ठ्याखाली कशालाही हात घालायचा नाही, हायड्रोलिकचा पाइप फुटायला क्षण पुरतो. काम संपलं की सुळा जमिनीला टेकवूनच इंजिन बंद करा. अंधारात कमरेच्या उंचीवरचं ते टोक दिसत नाही. टोकाला जाड टोपण घाला.

आणि रोलबार बसवून घ्याच, मागच्या सुळ्यासाठीसुद्धा. ट्रॅक्टर कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेलाच घ्या, घरी वेल्डिंग केलेला नको. तो बसला की सीटबेल्ट लावायचाच. रोलबार नसताना मात्र बेल्ट बांधू नका.

माळरान

खूप आभार. रोलबार बसेपर्यंत चढाकडचे गठ्ठे शेतातच झाकून ठेवतो. सपाटावरचे आधी आणू. लोडर काढून ठेवला तर पुढची वजनं किती वाढवावी लागतील?

वैरण

आधी काट्यावर नेऊन फक्त पुढची चाकं चढवा आणि वजन घ्या. मग रिकाम्या ट्रॅक्टरचा आकडा आणि गठ्ठा लावल्यावरचा आकडा इथे टाका, बघून सांगतो.