अध्यक्ष बदलले, खांदेरीची वारी थांबली: बरोबर झालं का?

गोदाकाठ
सागरी वारसा जपणाऱ्या आमच्या नाशिकच्या संस्थेत नेतृत्व बदलून वर्ष झालं. संस्थेत पगारी माणूस एकही नाही, जो तो नोकरी-धंदा सांभाळून येतो. नौदलातून निवृत्त होऊन इथे स्थायिक झालेल्या काकांनी ती उभी केली, १४ वर्षं अध्यक्षपद सांभाळलं आणि तब्येतीमुळे सोडलं. नव्या कार्यकारिणीने दोन ठराव केले. अध्यक्षपदी सलग दोन मुदतींपेक्षा जास्त कुणी राहणार नाही. आणि अलिबागजवळच्या समुद्रातल्या खांदेरी किल्ल्याची वार्षिक स्वच्छता मोहीम थांबवून इथल्याच पांडवलेण्यांतले शिलालेख शाळकरी मुलांना समजावून सांगायचे. मी सहचिटणीस. दोन्ही ठरावांना हात वर केला होता, आजही करीन. ज्यांना पटलं नाही त्यांनी मोकळेपणाने लिहा. सभेत बरेच जण गप्प बसले, त्याचंच मला जास्त लागलं.

खांदेरीचा वारकरी
ताई, मी त्या गप्प बसलेल्यांतलाच. मुदतीचा ठराव मान्य, पण खांदेरी सोडली हे चुकलं. १६७९ साली महाराजांनी त्या बेटावर तटबंदी सुरू केली, मुंबईच्या इंग्रजांनी गलबतं आणून अडवून पाहिलं, तरी काम झालं. २०२५च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आपले १२ किल्ले गेले, त्यात खांदेरी आहे. नेमकं तेव्हाच आपण जाणं बंद केलं! नाशिकच्या सिडको-सातपूरची पोरं, खांदेरीला होडी जिथून सुटते त्या थळच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा ओहोटीची वेळ विचारायला शिकली. होडीवाले दादा ‘आज नको’ म्हणाले की आमचे अध्यक्षसुद्धा मुकाट मागे फिरायचे. हे लेण्यात बसून कसं शिकवणार?

गोदाकाठ
त्याच यादीत आपला बागलाणचा साल्हेरही आहे, तिथे किती वेळा गेलो आपण?

थांबण्याचं खरं कारण सांगते. होडीवाले कोण, मुक्कामाची सोय कुठे, परवानगीचं पत्र कुणाला द्यायचं, हे सगळं काकांच्या फोनमध्ये आणि डोक्यात होतं. ते दवाखान्यात असताना ४० मुलांची यादी माझ्या हातात आणि पुढे कुणाला विचारायचं ते ठाऊक नाही. पालकांना काय सांगणार होते मी? त्या रात्री मोहीम मीच रद्द केली.

आणि लेण्यात समुद्र नाही असं म्हणू नका. तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, वर्णन कोरून घेतलंय: ज्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं तो. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात सांगतो की पारादा, दमणा, तापी अशा नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्या, भडोच आणि सोपारा या बंदरांच्या गावी धर्मशाळा बांधल्या. बंदराकडे जाणाऱ्या माणसांची सोय केली आणि ती नोंदवली नाशिकच्या डोंगरात.

जमाखर्च
खजिनदार म्हणून लिहितो. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. आमचे मागच्या दोन निवडींचे अर्जही दिलेले नव्हते. बँकेने नव्या सह्या घेतल्या नाहीत, पाच महिने खात्याला हात लावता आला नाही. हॉलचं भाडं तिघांनी खिशातून भरलं. काकांबद्दल आदर आहेच. पण प्रेमापोटी कुणी त्यांना कागद मागितला नाही, तो दोष आम्हा सगळ्यांचा.

पारकाठचा
मी सुरगाण्याचा, नवा आहे. पारादा म्हणजे आमची पार, हे लेण्यात कळलं आणि अंगावर काटा आला. दमणगंगाही आपल्याच जिल्ह्यात उगम पावते. आमच्या आजीला पावसाळ्यात पार ओलांडता यायची नाही म्हणून माहेर तुटायचं. दोन हजार वर्षांपूर्वी त्या नदीवर कुणी फुकट नाव ठेवली होती, हे वाचून मी सभासद झालो. पण वारकरीदादा, समुद्र मी अजून पाहिलेला नाही. मलाही यायचंय.

खांदेरीचा वारकरी
तुझ्या शेवटच्या वाक्याने रात्री झोप लागली नाही, भावा.

दोन संध्याकाळी काकांकडे जाऊन बसलो. वही घेतली. होडीवाले, गावातले ओळखीचे, पत्रांचे नमुने, मुलामागे किती पाणी न्यायचं, सगळं उतरवलं. बोलताना धाप लागत होती, पण थांबायला तयार नव्हते. हे आम्ही दहा वर्षांपूर्वी करायला हवं होतं, एवढं मान्य. मात्र माहिती नव्हती म्हणून एक वर्ष थांबणं वेगळं आणि मोहीमच ठरावाने बंद करणं वेगळं, या मतावर मी ठाम आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत तो ठराव मागे घ्या अशी सूचना मांडणार. नारळी पौर्णिमेनंतर थळकरांना विचारूनच तारीख धरायची, असं काकांनी बजावलंय.

गोदाकाठ
सूचना लेखी द्या, विषयपत्रिकेवर घेते. मी विरोधात बोलणार आहे: एका मोहिमेचे पैसे आणि माणसं लागली की शाळांचे चार शनिवार बुडतात. वहीची झेरॉक्स मात्र उद्याच हवी, दोन प्रती. एक कपाटात, एक माझ्याकडे.