म्हाडाचं काम किल्ली दिली की संपतं का?

विक्रोळीकर:
परवा पुनर्विकासाच्या चर्चेत एकाने लिहिलं होतं, "म्हाडाने घरं बांधावीत, लॉटरी काढावी, किल्ली द्यावी. मैदान, बालवाडी, अभ्यासिका हे तिचं काम नाही." दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

अहो, संस्थेचं नाव तरी पूर्ण वाचा. महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण. १९७७ साली स्थापना झाली तेव्हापासून 'क्षेत्रविकास' त्या नावात आहे. तिचंच झोपडपट्टी सुधार मंडळ संडास, गटारं, पायवाटा, समाजमंदिरं बांधतं.

मी विक्रोळीच्या कन्नमवार नगरात, म्हाडाच्याच वसाहतीत वाढलो. घरात सहा माणसं. वडील रात्रपाळी करून आले की सकाळी झोपायचे, म्हणून सुट्टीच्या दिवशी आम्ही भावंडं दुपारपर्यंत खालीच. खाली म्हणजे दोन इमारतींमधली मोकळी जागा. कबड्डीचा सराव तिथे, लग्नाचा मांडव तिथे, कुणी गेलं तर माणसं जमायची तीही तिथेच. ती जागा कुणीतरी नकाशात जाणूनबुजून सोडली होती. आता एकेक सोसायटी आपापला बिल्डर आणते, मधल्या टिटबिट, म्हणजे इमारतींमध्ये उरलेल्या लहान तुकड्यांच्या जागा वाटल्या जातात आणि टॉवरभोवती गाडी वळेल एवढंच उरतं. आमच्या इमारतीचं हेच झालं.

अर्जदार_पाचव्यांदा:
ते वाक्य माझंच, आणि मी त्यावर ठाम आहे. २०२४ च्या मुंबईच्या लॉटरीत घरं होती २,०३० आणि अर्ज आले लाखाहून जास्त. मी पाच वेळा अनामत भरली, पाचही वेळा परत आली. बायको-मुलांसह ठाण्यापुढे दिवा इथे भाड्याने राहतो, रोज लोकलला लटकतो. तुम्हाला पटांगणाची आठवण येते, मला त्याच पटांगणावर शंभर घरं दिसतात.

आणि समाजमंदिराचं म्हणाल तर माझ्या मामाच्या वसाहतीत एक आहे. किल्ली एका कार्यकर्त्याच्या खिशात. वर्षातून दोनदा उघडतं, बाकी वेळ मंडपवाल्याचे बांबू. सार्वजनिक पैसा असा घालवायचा?

चारकोपवाली:
दादा, तुमचं दुःख खरं आहे, पण आमच्याकडे येऊन बघा. जागतिक बँकेच्या मदतीने १९८५ नंतर 'भूखंड आणि सेवा' योजना आली. चारकोपला बांधलेलं घर कुणी दिलं नाही. छोटा भूखंड, पाणी, गटार, रस्ता, आणि पस्तीसेक घरांच्या मध्ये एक अंगण. सासूबाईंनी आधी पत्र्याची खोली घातली, मग स्लॅब, मग वरचा मजला. सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा रात्री दोनला हाक मारली की चार दारं उघडायची. ते अंगण नसतं तर आम्ही एकमेकींना ओळखलंही नसतं. बालवाडी बायकांनी स्वतः चालवली, म्हाडाने फक्त जागा सोडली होती.

वरळी_जुना:
मैदान राहू द्या, आधी मेंटेनन्सचं बोला. वरळीच्या जुन्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांची खोली, एका मजल्यावर वीस बिऱ्हाडं, संडास सामायिक. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ जणांना ५०० फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, आनंदच आहे. पण चाळीस मजल्यांची लिफ्ट, पंप, जनरेटर, अग्निशमन हे पुढे कोण पोसणार? पेन्शनीत जगणाऱ्या बाईने कुठून आणायचे?

अर्जदार_पाचव्यांदा:
५०० फूट फुकट मिळालं आणि महिन्याचा खर्च जड? आम्ही त्याच शहरात पगाराचा तिसरा हिस्सा भाड्यात घालतो!

वरळी_जुना:
फुकट म्हणू नका. आजोबा गिरणीत, बाप गिरणीत, संपानंतर हातगाडी. शंभर वर्षं गळक्या छताखाली भाडं भरलंय आमच्या लोकांनी.

लालबागची_लेक:
माझ्या माहेरचं सांगते, तो खासगी बिल्डर होता. बांधकाम चालू असताना आम्ही बाहेर राहायचो, त्याचं भाडं त्याने चौदा महिने थकवलं. आईने मंगळसूत्र मोडून घरमालकाला पैसे दिले. शेवटी सतराव्या मजल्यावर घर मिळालं. तीन वर्षांत ती खाली किती वेळा उतरली ते बोटांवर मोजता येईल. लिफ्ट बंद पडेल म्हणून घाबरते. बिल्डरने बाजारात विकलेल्या इमारतीला वेगळं गेट, बाग तिकडे, आमच्या बाजूला पार्किंग. चाळीत दार उघडं असायचं, आता शेजारीण आजारी पडली हे आम्हाला आठवड्याने कळलं.

हिशेबनीस:
मी दोन सोसायट्यांचे हिशेब बघतो. पुनर्वसनातल्या इमारती ढासळतात त्या पहिल्या दोन वर्षांतल्या थकबाकीमुळे. आधी दहा घरं भरत नाहीत, मग लिफ्टचा करार संपतो, मग भरणारेही थांबतात. कॉर्पसचं, म्हणजे देखभालीसाठी ठेवलेल्या ठेवीचं व्याज पुरत नाही आणि मुद्दलाला हात लागतो. बांधणाऱ्या संस्थेने निदान सोसायटीची कमिटी उभी राहीपर्यंत माणूस ठेवावा. वर्गणी, ऑडिट, निविदा शिकवणारा.

चारकोपवाली:
हेच तर म्हणतोय आम्ही! ह्यालाच वस्तीला आधार देणं म्हणतात.

अर्जदार_पाचव्यांदा:
माणूस ठेवा, हरकत नाही. लालबागच्या ताईंच्या आईचं वाचून गप्प बसलो होतो. पण समाजमंदिराला माझा विरोध कायम. आणि मोकळी जागा सोडायचीच असेल तर सगळ्या सोसायट्यांच्या सामाईक नावावर सोडा, कुलूप न लावता. एवढंच मान्य करतो, जास्त नाही.

विक्रोळीकर:
मग तुमचं-माझं भांडण कुठे उरलं?

अर्जदार_पाचव्यांदा:
उरलं आहे. तुम्हाला घर आहे.

विक्रोळीकर:
खरं आहे. रविवारी आमच्या शेजारच्या चार इमारतींची एकत्र बैठक आहे, एकच लेआउट करावा म्हणून. तसं झालं तर मधली जागाही राहील आणि म्हाडाच्या वाट्याची, लॉटरीत जाणारी घरंही निघतील. नकाशा मिळाला की इथे टाकतो.