मैफलीचे मोबाइलवर चित्रीकरण करावे का?

प्रश्न (रत्नागिरी): गावच्या देवळातील शास्त्रीय गायनाच्या मैफलीत पुढचे श्रोते मोबाइल उंचावून बसल्यामुळे माझ्या आजीला गायिका दिसलीच नाही, याचे फार वाईट वाटले. असे चित्रीकरण कायद्याला धरून आहे काय?

उत्तर १ (मालवण): केवळ स्वतःच्या वापरासाठी केलेले मुद्रण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३९ नुसार कलाकाराच्या हक्काचा भंग ठरत नाही, मात्र संमतीविना ते इंटरनेटवर टाकणे निराळे, कारण सादरीकरणावरील कलाकाराचा हक्क ५० वर्षे टिकतो.

उत्तर २ (वेंगुर्ले): मी गायकाला विचारल्याशिवाय मुद्रण करीत नाही. शिवाय मोबाइल आवाजाची पातळी आपोआप बदलत असल्याने हळुवार आलाप फुगतो आणि तबल्याची थाप दबते, म्हणून छोटा रेकॉर्डर नेतो.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. आयोजकांशी बोलते.