बहिर्परासरण की बहिःपरासरण?

मुलीने सायन्सच्या वहीत 'बहिर्परासरण' लिहिलं होतं, बाईंनी लाल पेनने 'बहिःपरासरण' केलंय. बरोबर कुठलं? अर्थ कळतो, पेशी मिठाच्या नाहीतर साखरेच्या घट्ट पाण्यात टाकली की आतलं पाणी पातळ पडद्यातून बाहेर येतं ते, पण शब्द उच्चारताना माझीच पेशी आकसते. सोपा मराठी शब्द आहे का?

—

बाई बरोबर आहेत. विसर्गाचा र् होतो तो पुढे मृदू व्यंजन किंवा स्वर असला तर, बहिर्गोल, बहिर्मुख वगैरे, आणि प कठोर. संस्कृतचाच हट्ट धरायचा तर निष्पाप, दुष्परिणामसारखं बहिष्परासरण होईल, पण तसं लिहू नका, पेशीवर बहिष्कार टाकल्यासारखं वाटतं :) अंतःपरासरणाला (पाणी आत शिरतं ते) मात्र काही अडचण नाही, अंतःपुरासारखंच.

—

विश्वकोशात ऑस्मॉसिसला, म्हणजे परासरणाला, 'तर्षण' आहे, तर्ष म्हणजे तहान. मला हाच आवडतो कारण घट्ट द्रावणाला तहान लागते आणि ते पाणी ओढून घेतं हे शब्दातच आलं. एन्डॉस्मॉसिस-एक्झॉस्मॉसिस (अंतःपरासरण-बहिःपरासरण) ही जोडी द्युत्रोशे या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1826 च्या सुमारास पाडली, त्यातलं ग्रीक मूळ ढकलण्याचं आहे. तिकडे ढकलाढकली, आपल्याकडे तहान.

—

एवढं कशाला, आमच्याकडे 'पाणी सुटलं' म्हणतात. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की सकाळी पातेल्यात पाणी असतंच, आणि काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आयत्या वेळी घाला असं आई ओरडायची ते याच्यासाठीच.

—

ताई, शब्द गोड आहे पण ढिला आहे. टोमॅटो शिजतानाही पाणी सुटतं, तिथे उष्णतेने पेशी फुटतात, परासरण नाही. तोंडाला सुटतं त्याचं तर विचारूच नका. बहिःपरासरण म्हणायचं तर पडदा शाबूत हवा आणि बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा घट्ट हवं. घरच्या घरी बघायचं असेल तर ताजं द्राक्ष साखरेच्या घट्ट पाकात टाकून ठेवा, सुरकुततं, हळूहळू. मनुका साध्या पाण्यात फुगते ते उलटं, अंतःपरासरण.

—

शेतात पण हेच. कुंडीत युरिया जास्त पडला की 'खताने झाड जळालं' म्हणतो आपण, जाळ कुठेच नसतो, मातीतलं पाणी खारट-घट्ट झाल्याने मुळांतलं पाणी उलटं बाहेर जातं. लगेच लक्षात आलं तर भरपूर पाणी घालून खत खाली धुऊन काढा, कुंडीचं भोक मोकळं आहे ना ते बघून.